दोन इंच तोकडी

दुसरी काचही दोन इंच तोकडी निघाली, तेव्हा काचवालीने वर्गातच जमिनीवर बसकण मारली.

"पुन्हा?" काचा बसवायची पुट्टी मळणाऱ्या तिच्या आत्याने विचारलं.

"नाही तर काय, हौसेने बसलेय?"

तिने नुकत्याच थाटलेल्या दुकानाचं हे पहिलं मोठं काम. संध्याकाळपर्यंत या वर्गाच्या खिडक्या नीट बसल्या, तर बाकीची शाळाही तिला. नाही तर तिच्या सासरच्या काचेच्या कारखान्याला, असं मोठ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणजे जिथे वर्षानुवर्षं राबूनही तिच्या शब्दाला काडीची किंमत नव्हती, म्हणून जे घर सोडून ती बाहेर पडली, त्याच घराच्या पदरात हे काम पडायचं!

बरं, चूक कुठे होते ते कळत नव्हतं असंही नाही. खरी चीड तीच होती. सासरच्या टेपचे सुरुवातीचे दोन इंच तुटले होते. नवा आणा म्हटलं, की थोरले दीर म्हणायचे, "चालतंय ना? दोन वजा करायला काय अक्कल लागते?" त्यामुळे तिथे सगळेच दोन वजा करून माप सांगायचे. आता तिच्या हातात अख्खा, कोरा करकरीत टेप होता. पण आकडा ओठांवर येईपर्यंत त्यातले दोन इंच गळालेलेच असायचे.

"मग नको ना वजा करूस," आत्या म्हणाली.

"मी करत नाही गं, होतं ते!"

"मग दोन मिळवून काप."

"आणि एखाद्या वेळी भानावर असले, तर? काच दोन इंच जास्त!"

तेवढ्यात थोरल्या दिरांचाच फोन आला. "काचा वाया चालल्यात म्हणे. हट्ट सोड, परत ये. आम्ही काही रागावलेलो नाही."

"मी रागावलेय, भाऊजी," म्हणून तिने फोन ठेवला, आणि टेप आत्याच्या मांडीवर भिरकावला.

काचांच्या खोक्याची एक लाकडी पट्टी तिने उचकटली. चौकटीत आडवी धरून चाकूने खूण केली, मग उभी धरून दुसरी. दोन्ही खुणा नखभर आत घेतल्या. पट्टी तशीच टेबलावरच्या काचेवर ठेवून काच कापायची हिरकणी ओढली. चर्रर्र! सासरी कुणी पाहिलं असतं तर हसले असते. पहिल्या दिवशीचे शिकाऊ असं करतात. हसोत बापडे.

"किती भरलं गं?" आत्याने सवयीने विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"आणि तूही मोजू नकोस. आकडा कानावर पडला तर त्यातून दोन कापेन मी!"

काच चौकटीत अल्लद बसली. आत्याचे डोळे भरून येऊ लागले, तशी ती खेकसली, "रडतेस काय? पुट्टी सुकतेय!"

दिवस कलता कलता मोठ्या बाई आल्या. शेवटच्या खिडकीवर त्यांनी बोटाने टकटक केलं, काच जराही हलली नाही. "छान. मग बाकीच्या वर्गांची मापं घ्यायला उद्या येताय ना?"

"येते. पण मापं विचारायची नाहीत."

"अहो, मापांशिवाय काचा कशा बसवणार?"

काचवालीने कपाळावर हात मारला. आता यांनाही सगळं पहिल्यापासून सांगणं आलं!