नंबर उतरवलेली गल्ली

मंगळवारी सकाळी ऑफिसातून सांगण्यात आलं, की आमच्या अमेरिकन लष्करी छावणीतल्या एका गल्लीतल्या बायकांनी घरांच्या नंबरपाट्या उतरवल्या आहेत. त्या परत लावून घ्या. सैनिकांच्या घरच्यांना भेटणं, धीर देणं हे माझं काम. एकतीस वर्षं ते करतो आहे, तरी मला ते जमतं असं छातीठोकपणे कधी म्हणवलं नाही.

पाट्या का उतरवल्या, ते विचारायची गरज नव्हती. इराकमध्ये पलटणीतलं कुणी मारलं गेलं, की घरी निरोप पोचेपर्यंत तिकडचे फोन आणि मेल बंद ठेवतात. ते रविवारपासून बंद होते. मग गणवेशातली दोन माणसं गाडीतून घर शोधत येतात. त्यांना घर सापडू नये, एवढंच या बायकांच्या हातात होतं.

गल्लीत कुणी नव्हतं. खिडक्यांचे पडदे मात्र बोटभर सरकलेले होते.

कोरीन पायरीवर बसली होती. तिला नववा महिना. नवरा, रसेल, तिसऱ्यांदा तिकडे गेलेला. दर मंगळवारी मी तिच्याकडे जात असे; ती मला मास्तर म्हणायची.

"या मास्तर. गाडी कुठे लावलीत?"

"कोपऱ्यावर. चालत आलो."

"शहाणे आहात. काल पिझ्झावाला चुकून इथे थांबला, तर पलीकडची ट्रिशा झाडू घेऊन धावली त्याच्यावर. बिचारा पिझ्झा टाकून पळाला." ती हसली, पण नजर रस्त्यावरून हलली नाही.

"पाटी कुठे आहे?"

"ओव्हनमध्ये. दोन दिवस काही शिजवलंच नाहीये."

"कळा सुरू झाल्या तर अँब्युलन्सला घर कसं सापडणार?"

"ट्रिशा नेईल मला."

"आणि तेव्हा ट्रिशा घरी नसली तर?"

"बाळाची भीती घातली की बाई ऐकते, असं तुमच्या पुस्तकात लिहिलंय वाटतं?"

"साधारण तसंच लिहिलंय," मी कबूल केलं.

या वेळी ती खरंच हसली. आत जाऊन पाटी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली. माझ्याकडून स्क्रू दोनदा खाली पडला. "द्या इकडे. रसेलसुद्धा असाच आहे," म्हणत तिने स्वतःच पाटी बसवली. अठरा. गल्लीच्या या बाजूला सगळे सम आकडे होते. एक घर सोडून पलीकडच्या खिडकीतून ट्रिशा हे पाहत होती. तिने आम्हाला मान हलवून नको नको म्हटलं.

मी बरोबर केलं का, हे ठरवत असतानाच करड्या रंगाची सरकारी गाडी कोपऱ्यावरून वळली.

ती फार हळू येत होती. प्रत्येक घरापाशी जरा थांबायची, नंबर नाही असं पाहून पुढे सरकायची. सबंध गल्लीत नंबर असलेलं घर एकच होतं. ती आमच्यासमोर येऊन थांबली.

कोरीनने माझी बाही धरली. "मास्तर, तुम्ही लावायला सांगितलीत," ती हळूच म्हणाली.

एक तरुण अधिकारी उतरला. त्याने पाटीकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे.

"माफ करा. हे अठरा. मग बावीस कुठलं?"

कोरीनची पकड सुटली. तिच्या तोंडून हसण्यासारखा आवाज निघाला आणि तिने तो हाताने दाबला. मग बावीस कुणाचं, ते तिच्या ध्यानात आलं.

"सांगू नका ना," ती मला म्हणाली.

अधिकारी थांबला होता. त्याच्या मानेवर दाढी करताना कापल्याची खूण होती. गाडीतून दुसरा माणूसही उतरला आणि टोपी नीट करू लागला. ट्रिशा अजून खिडकीतच होती. ती त्या दोघांकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

"एक घर सोडून पुढचं," मी म्हणालो.

तिने पडदा ओढून घेतला.