उसना पंखा

माझं आणि साडूंचं विमान एकाच कंपनीच्या किटचं. इंजिनही एकच. मी माझ्या गॅरेजात जोडलं, त्यांनी त्यांच्या. तरी मैदानावरची माणसं माना वर करून बघायची ती साडूंचं उड्डाण. अर्धी धावपट्टी संपायच्या आत ते वर, आणि माझं विमान पार कुंपणापर्यंत रांगत जायचं. माझ्या पोटात दुखायचं, आणि तक्रार करायचीही सोय नव्हती.

कारण फरक फक्त पुढच्या लाकडी पंख्याचा होता. पात्यांना पीळ कमी असला की विमान झपकन चढतं, पण पुढे पळताना इंजिन नुसतं ओरडतं, पहिल्या गिअरमध्ये दामटलेल्या स्कूटरसारखं. पीळ जास्त असला की चढताना रडतं आणि वर गेल्यावर पळतं. साडूंना हौस मैदानावर घिरट्या घालायची. मला लेकीकडे जायचं होतं. ती डोंगरापलीकडे राहते, मध्ये उतरायला जागा नाही, एका टाकीतच पोचायला हवं. म्हणून जास्त पिळाचा पंखा मी स्वतः मागून घेतला होता. बायको वर्षभर त्या दिवसाची वाट बघत होती.

आणि तीच एकदा म्हणाली, "भावोजींचं कसं सुर्रकन वर जातं, नाही?"

झालं. माझा नुसता तिळपापड झाला. मी साडूंना गाठलं.

"पंखे बदलून बघू या का? गंमत म्हणून."

"बघू की. पण रविवारी तुम्हाला लेकीकडे जायचंय ना?"

"जाईन हो. थोडा वेळ जास्त लागेल, एवढंच."

"मग आम्हीही येतो सोबतीला. तुमचा पंखा कसा पळतो ते तरी कळेल."

बायकोला मी यातलं अक्षरही सांगितलं नाही.

रविवारी मी असा चढलो की बायकोने सीटची कड घट्ट धरली. खाली साडू कसेबसे कुंपण ओलांडत होते. ते बघून जिवाला जो गारवा वाटला तो विचारू नका.

डोंगर दिसू लागेपर्यंत तो टिकला. सरळ उडताना इंजिनाचा काटा लाल रेघेला भिडला, थ्रॉटल मागे घ्यावा लागला, वेग पडला. त्यात समोरून वारा. पेट्रोल अर्ध्यावर आलं तरी डोंगर पुढेच. तेवढ्यात डावीकडून साडू आले, शेजारी बसलेल्या मोठ्या मेव्हणीने हात हलवला, आणि दोघं पुढे निघून गेले. मी रेडिओवर म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे, मी परततोय," आणि विमान वळवलं.

"समोरचा वारा फार आहे," मी बायकोला म्हणालो.

"भावोजींना नाही का लागत तो?"

मी उगाच रेडिओचं बटण फिरवत राहिलो.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. बायकोने स्पीकर लावला.

"आई, मावशी-काका पोचले. काका म्हणतात, बाबांनी आपला पंखा दिला म्हणून जमलं, नाहीतर त्यांचं विमान इथवर येतंय कुठलं. बाबा किती मोठ्या मनाचे आहेत ना?"

साडू हे मनापासून बोलले असणार. मला त्याचाही हेवा वाटला.

बायकोने फोन ठेवला.

"म्हणजे आपला पंखा पोचला लेकीकडे," ती म्हणाली. "आपण दोघंच राहिलो."