रंग उत्साही आहेत

दादा लढाईवरून परत आला तो दोन हात, दोन पाय आणि बंद तोंड घेऊन. सगळे म्हणाले, सुखरूप आला हो!

मी रंगाच्या दुकानात भिंतींचे रंग कालवते. गिऱ्हाइकांनी ‘शी, हा काय रंग!’ म्हणून परत केलेले डबे मालक फेकून द्यायला सांगतात, ते मी घरी आणले. दादाने कपाटाची जुनी फळी घेतली आणि चित्र काढायला बसला. डोंगर नारिंगी, नदी जांभळी, आभाळ पिवळंधमक, गवत पोपटी. दुसरे रंगच नव्हते, तर बिचारा काय करणार? पण आईला कोण समजावणार! "बघा, कसा खुललाय माझा लेक," म्हणत तिने फळी बाहेरच्या खोलीत मांडली.

नेमके त्याच आठवड्यात लष्कराचे डॉक्टर तपासायला आले. त्यांनी कागदावर ‘बरा’ लिहिलं की सोमवारी दादा पुन्हा आघाडीवर. चित्र आत ठेव, असं मी आईला शंभरदा बजावलं होतं. पण माझं ऐकेल ती आई कसली!

डॉक्टरांनी दादाकडे बघितलंच नाही, चित्राकडे बघितलं. केवढे हुशार! "वा! रंग उत्साही आहेत. मन थाऱ्यावर आल्याचं लक्षण."

"अहो, तो सात महिने एक शब्द बोललेला नाही!" मी म्हटलं.

"शिपायाला बोलायचं काय काम?" त्यांनी पेन काढलं.

"आणि रंग दुकानात परत आलेले आहेत. उद्या कुणी राखाडी परत केला, तर याला वेडा ठरवाल का?"

"ताई, हे शास्त्र आहे."

शास्त्रापुढे आम्ही दुकानातल्यांनी काय बोलावं?

लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "जागा छान आहे रे. पण एकही माणूस काढला नाहीस?"

"आहेत की," दादा म्हणाला. त्याचा आवाज ऐकून मी दचकले. "नऊ जण आहेत. गवतात पडलेत." आणि एकेका ठिकाणी बोट ठेवत त्याने नऊ नावं सांगितली.

डॉक्टर वाकून बघत राहिले. मग साहेबांनी लिहिलेलं खोडलं, ‘सहा महिने विश्रांती’ असं लिहिलं आणि चहा तसाच टाकून निघून गेले.

"सुटलास रे बाबा!" मी म्हटलं. मला रडू आवरेना.

तो फळीकडेच बघत होता. "पोपटी अजून मिळेल का गं?" त्याने विचारलं. "अजून दिसतायत ते. गवत वाढवायला हवं."