झाकणावरचे खडे

मी एक जुनी लोखंडी मतपेटी आहे. माझा हिरवा रंग पार उडाला आहे, कडी गंजली आहे, आणि कचेरीच्या अडगळीच्या खोलीत कोणीतरी माझ्यावर सुतळीचे गठ्ठे रचून ठेवले आहेत. मित्रांनो, एक गोष्ट मी फार वर्षं पोटात घेऊन बसले आहे. ती तुम्हांला सांगते खरी, पण मला ती अजून पुरती उमगलेली नाही.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, ठोकला, वरच्या झाकणाला एक चीर पाडली आणि झाले मी तयार. पहिली मोठी निवडणूक आली तेव्हा आगगाडीनं चांद्याला आणि तिथून ट्रकनं आरमोरीला आले. तेव्हाची रीत निराळी होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. मतदारानं पडद्याआड जायचं आणि हातातला कागद हव्या त्या पेटीच्या चिरेतून आत टाकायचा. माझ्या अंगावर शिडी चिकटवली. मला वाटलं, आता लोक मला निवडणार! मी नुसती फुगून गेले होते.

आरमोरीच्या गफ्फारच्या बैलगाडीत आम्हां पेट्यांना चढवलं. बरोबर मतदान केंद्राचे अधिकारी म्हणून नागपूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे पाध्ये सर होते. जंगलातल्या एका गावी जायचं होतं. गावाचे दोन टोले, म्हणजे दोन वस्त्या, मधे नाला. अलीकडे मोहटोला, पलीकडे चिचटोला. वाटेत गफ्फारनं सरांना गावची हकीकत सांगितली.

"सायेब, मोहटोल्याले इहीर पाह्यजे अन् चिचटोल्याले बोडी बांधून पाह्यजे. शिडीवाले गुनवंतराव म्हनते, इहीर देतो. दुसरे दिव्यावाले म्हनते, बोडी देतो. एकेका टोल्याची मतं थोडी, त्याहीले कोन इचारते? तं दोन्ही टोल्याहीनं करार केला. यंदा दोन्ही टोले शिडीले. पुढच्या खेपेले जो बोडी देईन, दोन्ही टोले त्याले."

धानाला पाणी पुरवणाऱ्या छोट्या तळ्याला तिकडे बोडी म्हणतात, एवढं मला त्या वाटेवरच कळलं.

पाध्ये सर हसले. "सौदा चांगला आहे. पण पडद्याआड कोण कोणाला बघतं? चिचटोल्यातला माणूस मोहटोल्याच्या विहिरीसाठी मत का देईल? आणि मोहटोल्यातली बाई तरी दिवसाची मजुरी बुडवून का येईल? तिच्या एका मतानं विहीर थोडीच येते! हिशेबानं पाहिलं तर दोघांनीही घरी बसावं."

"तुमचा हिशेब मले नाई समजत," गफ्फार म्हणाला. "पन त्याहीनं नाल्यावर दगड ठेवला हाय."

त्या दोन टोल्यांची ती रीतच होती. शब्द दिला की नाल्याकाठी पळसाचं पान ठेवायचं आणि त्यावर खडा ठेवायचा. वाऱ्यानं पान उडू नये आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शब्द दिसावा, म्हणून. सरांनी मान हलवली. मलाही काही बोध झाला नाही. मत म्हणजे मला निवडायचं असतं, त्यात विहीर कुठून आली?

सकाळी मोहटोला लोटला. सगळ्यांत पुढे शकुबाई. तिचा उजवा खांदा घागरी वाहून वाहून खाली झुकलेला होता. उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत झिरा खणून वाटी वाटी पाणी भरायचं, हा तिचा जन्माचा धंदा. पडद्याआड आली, माझ्यावरची शिडी बोटानं चाचपली, कागद आत टाकला आणि हळूच म्हणाली, "माय, पानी दे वो." मी घाबरलेच. माझ्याजवळ पाणी कुठलं!

दुपारी चिचटोला आला. त्यांचा म्हातारा मुखरू पहिला आत शिरला. त्यानं माझी चीर पाहिली, तोंड वाकडं केलं आणि पुटपुटला, "देल्ला शब्द असा अंधारात टाकते का कोनी?" त्यानं कागद माझ्या झाकणावर नीट पसरला, मुठीतून आणलेला नाल्याचा खडा त्यावर ठेवला आणि निघून गेला. मागून येणाऱ्यानं ते पाहिलं आणि तसंच केलं. मग त्याच्या मागच्यानंही. माझं पोट अर्धं रिकामं आणि डोक्यावर खड्यांचा ढीग! दिव्याच्या पेटीवर मात्र एकही खडा नव्हता. मी किती ओरडले असेन, पण पत्र्याचा आवाज कोण ऐकतो?

मतदान संपलं, माणसं घरी गेली आणि पाध्ये सर पडद्याआड आले. त्यांनी माझ्यावरचा खड्यांचा ढीग पाहिला.

"म्हणजे यांनी खरोखर..." एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

"टाकून द्या ना आत, सायेब," पेट्या न्यायला आलेला गफ्फार म्हणाला.

सरांचा हात पुढे झाला आणि थबकला. "पेटीबाहेरचा कागद म्हणजे मत नाही, गफ्फार. आज मी हे आत टाकले, तर उद्या दुसरा कोणी दुसरंच काही टाकेल." त्यांनी खडे एकेक करून बाजूला काढले, कागद पाकिटात घालून मोहोर लावली. ते बरोबर वागले की चुकले, मित्रांनो, याचाही उलगडा मला झालेला नाही.

गुणवंतराव निवडून आले. पण विहिरी द्यायच्या वेळी त्यांनी कुठल्या गावची पेटी किती भरली ते पाहिलं. आमच्या गावची अर्धीच. विहीर भरल्या पेटीच्या गावाला गेली. मोहटोल्यानं ठरवलं, आपण तर सगळ्यांनी कागद टाकले, म्हणजे चिचटोल्यानं दगा दिला. चिचटोला म्हणाला, आम्ही शब्द पाळला, मोहटोलाच फुटला असेल. नाल्यावरची ये-जा बंद झाली. सोयरिकी मोडल्या. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी कुलपात होते आणि आपलं काय चुकलं याचा विचार करत होते.

मधल्या काळात आमचं राज्यही बदललं. आधी मी मध्य प्रदेशाची होते, मग म्हणे मुंबईची झाले. मी तर जागची हललेही नव्हते!

सत्तावन सालच्या निवडणुकीत माझ्या अंगावरची शिडी खरवडून दिवा चिकटवला. मी पुन्हा गफ्फारच्याच गाडीत, पुन्हा त्याच गावी. मधली वर्षं गफ्फार आलापल्लीला सागवानाच्या गाड्या हाकत होता, त्याला इथलं काहीच ठाऊक नव्हतं. सकाळी आम्हांला उतरवण्याआधी त्यानं शकुबाईजवळ बैलांसाठी पाणी मागितलं.

"इहीर कुठी हाय तुमची?"

"इहीर?" शकुबाई भडकली. "अजून झिऱ्यातूनच आनून राह्यली मी! चिचटोल्यानं दगा देल्ला आमाले. आज आमची पाळी हाय म्हने, बोडीले मत द्याची. जळो त्याहीची बोडी! आज पुरा मोहटोला शिडीत टाकनार."

"दगा?" गफ्फार गाडीवरून खालीच उतरला. "अवो बाई, सच सांगतो. त्याहीनं कागद शिडीच्या पेटीवर ठेवले होते, वरून खडे. मी डोळ्यानं पाह्यलो. आत टाकाचं त्याहीले समजलंच नाई. सारी मतं वाया गेली."

शकुबाईच्या हातातली घागर कलंडली आणि पाणी मातीत गेलं. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं विचारलं, "शिडीच्याच पेटीवर?"

"शिडीच्याच."

केंद्राजवळच्या चिंचेखाली मुखरू एकटाच बसला होता. त्याला आता दिसत नव्हतं. शकुबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"मुखरूभाऊ, सांगतलं काऊन नाई?"

म्हाताऱ्यानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "काय सांगू, बाई? खडा ठेवलो होतो ना."

शकुबाईला रडू फुटलं. मग तिनं त्याचा हात धरून त्याला रांगेत आणलं. "भाऊ, आता आत टाकाचं हाय. वरून नाई. सगळ्याहीले सांगा."

त्या दिवशी मी काठोकाठ भरले. आधी चिचटोला, मग शकुबाईनं खरं काय ते सांगितल्यावर मोहटोला. शकुबाई सर्वांत शेवटी आली. तिनं दिवा चाचपला आणि कागद चिरेतून आत सोडला. मला वाटलं, आता जाईल. पण तिनं पदराची गाठ सोडली, नाल्याचा एक खडा काढला आणि माझ्या झाकणावर ठेवला.

विहीर तर तिला मिळालीच नव्हती. मग खडा कशासाठी? मी आजही विचार करते आणि माझं डोकं चालत नाही.

मित्रांनो, कधी या खोलीत आलात तर माझ्यावरचे सुतळीचे गठ्ठे तेवढे उचलून ठेवा. तो खडा कोणी काढून टाकला, माहीत नाही. पण त्याची जागा मला ठाऊक आहे, आणि तिथं दुसरं काही ठेवलेलं मला सहन होत नाही.