पसरलेली जाळी

"मासळी पाण्यात, जाळी जमिनीवर आणि आमचे हे खाटेवर," थोरली पुटपुटली. "याला म्हणे आंदोलन."

पुटपुटली ती धाकटीच्या कानाशीच, कारण दोघी जावा एकाच फळकुटावर दाटीवाटीनं बसल्या होत्या. धाकटीनं मान वर केली नाही. तिच्या हातात सुई होती, मांडीवर जाळं होतं, आणि त्या जाळ्यात सांधण्यासारखं एकही भोक उरलं नव्हतं. तरी ती शोधत होती.

झालं होतं असं. बंदरात शिरायच्या वाटेत गाळ साचला, ओहोटीला होड्या रुतायला लागल्या, तेव्हा सगळ्या किनाऱ्यानं घसा कोरडा करून गाळ काढायचं यंत्र मागवलं. यंत्र आलं. गाळ निघाला. आणि तो काळा, कुबट गाळ भरलेले डंपर थेट किनाऱ्यावरच्या मैदानाशी येऊन उभे राहिले. मैदान सगळ्यांचं. पोरं तिथं खेळत, म्हातारे फेऱ्या मारत आणि एका कडेला, पत्र्याच्या शेडखाली, धाकटी गिऱ्हाइकांची जाळी पसरून सांधत असे. तिच्या घरात जाळं पसरायचं तर माणसांना बाहेर काढावं लागलं असतं. मैदान गेलं की तिचं काम गेलं, सरळ गोष्ट.

मग माईकला युक्ती सुचली. माईक म्हणजे धक्क्यावरचा बर्फवाला. त्याला बोलायला माईक लागत नाही म्हणून ते नाव.

"डंपर चालवणारी पोरं आपलीच ना?" तो म्हणाला. "पसरलेल्या जाळ्यावर आपला माणूस पाय देत नाही, चाक काय घालणार. टाका सगळी जाळी मैदानात."

टाकली. या कडेपासून त्या कडेपर्यंत. डंपर थबकले, पोरं खाली उतरून डोकी खाजवत चहा प्यायला गेली, इकडे टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे होड्या सोडायच्या वेळेला लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला, की जाळी मैदानात तर समुद्रात काय घेऊन जायचं? उचलावीत तर डंपर आत घुसणार. तेव्हापासून कोणी समुद्रात जात नव्हतं, म्हणून कोणाचं जाळं फाटत नव्हतं, म्हणून धाकटीची सुई उपाशी. मासे सोडून आपणच सापडलो आपल्या जाळ्यात, हे थोरली रोज न चुकता ऐकवायची.

थोरलीचं काय जात होतं. तिचा जाळ्यांशी संबंध नव्हता. ती ओहोटीला कोणाच्या तरी होडीतून पलीकडच्या तीरावर जायची, गुडघाभर चिखलात वाकून शिंपले खणायची आणि टोपली भरून आणून विकायची. पूर्वी तिला होडी लागत नसे. पण तो विषय घरात कोणी काढत नसे.

आज इंजिनिअरबाई आल्या. बूट चिखलानं माखलेले, तोंड वैतागानं. शेडखाली सगळे गोळा झाले.

"यंत्र बंद ठेवलंय मी," त्या म्हणाल्या. "गाळ इथं नको, बरं. मग टाकू कुठं ते तरी सांगा. माझ्या घरी नेऊ?"

"लांब टाका," माईक म्हणाला.

"लांब म्हणजे कुठं?"

"म्हणजे इथं नाही."

बाईंनी डोळे मिटून एक श्वास घेतला. "हा गाळ समुद्रात सोडायची परवानगी नाही. किनाऱ्यालाच कुठंतरी बांध घालून टाकावा लागणार. तो समोरचा तीर मोकळा दिसतोय, नुसता चिखल आहे. तिथं चालेल?"

माईकला अचानक आपली नखं दिसली, एकाला दोरीची गाठ. थोरलीकडे मात्र कोणी बघेना. ती टोपलीतले शिंपले उगाच वरखाली करत राहिली.

"चालेल," मागून कोणीतरी म्हणालं. "तिथं काय आहे."

"कोणी नसतं तिथं," आणखी एकानं री ओढली.

"लिहून घ्या बाई, आमची हरकत नाही," धाकटीचा नवरा म्हणाला आणि बायकोकडे बघून त्यानं मान हलवली, वाचली तुझी जागा अशा अर्थानं.

वाचलीच होती. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते धाकटीला काही नवीन नव्हतं.

थोरली उठली. टोपली कमरेवर घेतली आणि मैदानातून घराकडे निघाली. वाटेत जाळीच जाळी. ती प्रत्येक जाळ्याला वळसा घालत, जड टोपली सावरत, एकाही दोऱ्यावर पाय पडू न देता चालली होती.

धाकटीला ते बघवेना.

"थांबा जाऊबाई," ती म्हणाली. "आणि बाई, तुम्ही लिहू नका. पलीकडे यांचे शिंपले आहेत."

"आता कशाला ते," नवरा दबक्या आवाजात म्हणाला.

"आता नाही तर कधी? अलीकडेही होते यांचे शिंपले. इथं, आपण उभे आहोत ना, याच्या खाली." धाकटीनं सुई जमिनीकडे रोखली. "मागे बंदर उपसलं तेव्हाचा गाळ आपण सगळ्यांनी मिळून यांच्या जागेवर ओतू दिला. तो वाळल्यावर त्याला मैदान म्हणायला लागलो. आणि त्यावर शेडचा पहिला खांब मी रोवला."