खोलीचं बारसं

कोलशेतच्या त्या कारखान्यात घरं बांधत नसत, जोडत असत. फळ्या उभ्या-आडव्या रचायच्या, मध्ये सरस ओतायचा, यंत्राखाली दाबलं की वीतभर जाड लाकडी भिंत तयार. भिंतींची खोली झाली की क्रेन ती उचलून ट्रेलरवर ठेवणार, आणि तिकडे दिवा गावात खोलीवर खोली रचून स्वस्तातली इमारत उभी राहणार. क्रेनला झुलणाऱ्या खोलीला तिथे काम करणाऱ्या बायका पाळणा म्हणत. शब्द सगुणाचा. ती त्यांच्यातलीच, आणि कोळीवाड्यात तिच्या गाण्यावाचून एकही बारसं होत नसे.

मॅनेजर नयनसाहेबांना शब्द फार आवडला. "सगुणाताई, पहिल्या खोलीचं बारसंच करू. पाहुणे येतील, शूटिंग होईल. आत्या तुम्ही. कानात नाव सांगायचं, आनंदघर. खोली तरी कुणाची? तुमचीच."

"आत्याच्या पाठीत पहिला धपाटा माझा हं," तिच्या जोडीला काम करणारी विनिता हसली. तिलाही याच इमारतीत खोली लागली होती.

सगुणा हसली नाही. या भिंती तिने पावसाळ्यात पाहिल्या होत्या. ताडपत्री फाटून त्या डबक्यात उभ्या होत्या. काळी लव आली होती अंगावर. बोट लावलं तर शिळ्या बोंबलाच्या पोटात रुतावं तसं रुतलं. "फेका ही घाण," ती तेव्हाच म्हणाली होती. साहेबांनी पुट्टी भरून वर चकचकीत पत्रे चिकटवले. आणि सून दक्षता माहेराहून तान्ह्याला घेऊन येणार होती ती याच खोलीत.

बारशाच्या दिवशी झेंडूच्या माळा, पेढे, अत्तराचे फवारे. सगुणाच्या पदराला माईक लावला. ती कोपऱ्याशी वाकली. मोगऱ्याच्या अत्तराआडून सडका, आंबट भपकारा आला. पत्र्याला फुगा आला होता. तिचा हात टेकला तसं सांध्यातून काळं पाणी पाझरून माळेवर उतरलं. शेजारी एक पाहुणा पेढा चघळत मान डोलावत होता. सगुणाला नातवाच्या नाकपुड्या आठवल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या.

तिने ओंजळीचा कर्णा केला, भिंतीला लावला.

"कुर्र... बुरशी."

स्पीकरवरून नाव अख्ख्या आवारात गेलं. क्रेनवाल्याचा हात थांबला.

साहेबांनी हसऱ्या चेहऱ्याने माईक मुठीत धरला. "ताई, खोली नकोय का तुम्हाला?"

"मना नको." तिने काळा हात साहेबांच्या पांढऱ्या बाहीला पुसला. "माज्या घरान तान्हं हाय. तुमी ऱ्हावा हितं, वैनींना घेऊन."

पाहुण्याने उरलेला पेढा हळूच माळेखाली ठेवला.

विनिता पाझरत्या सांध्याकडे बघत राहिली. मग चार बायकांतून वाट काढत पुढे आली आणि सगुणाच्या पाठीत रीतसर, दणदणीत धपाटा घातला.

मागोमाग दुसरीने. मग तिसरीने.