आढ्याखालची फट

रेश्माचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. मंगलाष्टकं संपत आली तसा मच्छिंद्र खाटेवरून उठला, नाकातली नळी सावरली आणि भिंतीला हात लावत लावत दाराशी आला. नळी तिथंच ताठ झाली. पुढं उंबरा, उंबऱ्यापुढं मांडव आणि मांडवात त्याची नात उभी. ऑक्सिजनचं मशीन मागं खाटेपाशी घुरघुरत होतं. दाव्याला बांधलेल्या बैलाचं तोंड समोरच्या पेंढीपर्यंत पोचू नये, तशी त्याची गत झाली. मुठीतल्या अक्षता त्यानं तिथूनच फेकल्या. सगळ्या उंबऱ्याच्या आसपास सांडल्या.

शेजारच्या दारात त्याचा धाकटा भाऊ गोरक्षनाथ उभा होता. त्यानं हे पाहिलं आणि मान वळवली. मग आपल्या मुठीतल्या अक्षता जरा जास्तच जोरानं भिरकावल्या.

एका घराची दोन घरं झाली होती. बाप जिवंत असतानाच वाटणी झाली. भांडण कशावरून पेटलं, हे आता विचारलं असतं तर दोघांनाही धड सांगता आलं नसतं. पण बोलणं तुटलं ते तुटलंच. मधली भिंत उठत होती तेव्हा म्हातारा एवढंच म्हणाला होता, "भित घाला, पर आढ्याला टेकवू नका. आढं घराचं येकच आसतं." म्हणून गवंड्यानं भिंत आढ्याच्या हातभर खाली थांबवली. वर पत्रा दोघांचा एकच राहिला.

त्या फटीतून सगळं इकडचं तिकडं जायचं. फोडणीचा वास जायचा, रेडिओ जायचा, धूर जायचा. गोरक्षनाथची बायको वारली, श्रीमंत नावाचा मुलगा पुण्यात गाडी चालवायला गेला, त्यानंतर तो एकटाच चुलीवर भाकरी थापायचा. तिचा खरपूस वास मच्छिंद्रच्या उशाशी उतरायचा. पहाटे पलीकडं गोरक्षनाथ खाकरायचा. अलीकडं मच्छिंद्र खोकायचा. खोकला फारच लांबला तर पलीकडून तांब्या आपटल्याचा आवाज यायचा, जणू कुणी म्हणतंय, पुरे आता. एवढ्यावर दोघांचं भागत होतं.

मांडव उतरला आणि दुसऱ्या आठवड्यात मच्छिंद्रचा मुलगा वैजनाथ सुप्याहून गाडी करून आला. कंपनीत कुणीतरी त्याला पुण्याच्या एका डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं होतं. मच्छिंद्रच्या बायकोनं, गोजरबाईनं, भाकरी बांधून घेतली, मशीन मागच्या सीटवर बसवलं आणि तिघं निघाले.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी छातीचा फोटो उजेडावर धरला.

"आबा, फुफ्फुसाचा हा वरचा भाग फुगून बसलाय. जुन्या फुग्यासारखा सैल झालाय. हवा आत जाते, पण बाहेर येत नाही, तिथंच कोंडते. त्यामुळं खालच्या चांगल्या भागाला पसरायला जागाच उरत नाही. आपण त्या भागाच्या तोंडाशी बारीक व्हॉल्व्ह बसवू. घशातून दुर्बीण घालून. चिरफाड नाही."

मच्छिंद्रनं मुलाकडं पाहिलं. "म्हंजी फुटबॉल?"

"फुटबॉल?" डॉक्टरबाई गोंधळल्या.

"मॅडम, विहिरीत पाइपाच्या बुडाला फुटव्हॉल्व्ह असतो ना," वैजनाथ ओशाळून म्हणाला. "आमच्याकडं त्याला फुटबॉलच म्हणतात."

"पानी वर जाऊ देतो, माघारी येऊ देत न्हाई," मच्छिंद्र म्हणाला आणि तेवढ्या वाक्याला दोनदा थांबला.

"अगदी तेच," डॉक्टरबाई हसल्या. "हा कोंडलेली हवा बाहेर जाऊ देतो, नवी आत येऊ देत नाही. मग तो भाग आकसतो आणि बाकीच्याला मोकळीक मिळते. पण दोन गोष्टी आहेत. एक, दोन भागांमधला पडदा अखंड पाहिजे. पडद्याला फट असेल तर शेजारून हवा येत राहते, मग पुढून दार लावून उपयोग नाही. आणि दुसरी, विडी."

"विडी सोडून लई सालं झाली."

त्यांनी एक छोटं यंत्र त्याच्या तोंडाशी धरलं. मच्छिंद्रनं होती नव्हती ती सगळी फुंकर त्यात घातली. आकडा बघून बाईंचा चेहरा बदलला.

"आबा, धूर आहे तुमच्या श्वासात. मशीनला खोटं बोलता येत नाही."

"द्येवाशपथ न्हाई!" मच्छिंद्रला राग आला, आणि रागाला लागणारा दम छातीत नव्हता. तो नुसताच हात हलवत राहिला.

तेव्हा गोजरबाई पुढं झाली. "बाई, विडी ह्यांची न्हाई. चूल माझ्या दिराची हाय."

तिनं भिंतीचं सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मग चूल बंद करा, नाहीतर भिंत पुरी करा. पावसाळ्यात पुन्हा फुंकायला या. यंत्रात धूर दिसला तर मला काही करता येणार नाही."

गावात बातमी त्यांच्याआधी पोचली. मच्छिंद्रआबाच्या छातीत फुटबॉल बसवनार, म्हणून पारावर हसू झालं. कुणी म्हणालं, मंग आता मोटार पन बसवून घ्या, रान भिजंल. मच्छिंद्रला पारापर्यंत जाता येत नव्हतं, म्हणून ते हसू गोजरबाईनं घरी आणून दिलं. तो हसला नाही. खाटेवर पडून तो आढ्याकडं बघत होता. तीन बाजूंनी भिंती, चौथ्या बाजूला दार, आणि नळी दारापर्यंतच. त्याला बाहेर काढायची किल्ली भिंतीपलीकडच्या चुलीत होती, आणि ती मागायला तोंड उघडणं त्याला फुंकर मारण्याहून जड होतं.

शेवटी गोजरबाईच गेली. शेजारच्या दारात उभी राहिली असावी. मच्छिंद्रला फटीतून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"भावजी, डॉक्टरीन म्हनती, तुमच्या चुलीचा धूर ह्यांच्या छातीत सापडला."

"माझा? त्यावर नाव घातलंय का?"

"चेष्टा न्हाई. धूर ऱ्हायला तर इलाज करत न्हाईत. श्रीमंतानं गॅस आनून दिलाय की तुमाला."

"त्यावर डबं ठेवल्यात. वैनी, गॅसची भाकर मला जात न्हाई. आन् थंडीत शेकायचं कशावर, टाकीवर?"

"मंग चूल भायेर मांडा."

"पावसात?"

मच्छिंद्रनं श्वास धरला होता. आपण ऐकतोय हे कळू नये म्हणून त्यानं तोंडावर धोतराचा सोगा दाबला. पण खोकला कुणाचं ऐकतो? तो आला आणि बराच वेळ थांबला नाही. पलीकडून तांब्या आपटला नाही.

"फटच बुजवतो," गोरक्षनाथ म्हणाला.

"मामांजींनी सांगितल्यालं..."

"बानं सांगितलं तवा बाच्या छातीत धूर नव्हता, वैनी."

दुसऱ्या दिवशी त्यानं गवंडी बोलावला नाही. स्वतःच्या बाजूनं शिडी लावली, घमेलं वर घेतलं आणि विटा रचायला लागला. मच्छिंद्र खाटेवर उताणा होता. फटीत भावाचं डोकं आणि खांदे दिसत होते. केस पार पांढरे झाले होते. इतक्या जवळून, इतका वेळ त्यानं त्या तोंडाकडं कधी बघितलं होतं, आठवेना. गोरक्षनाथ खाली बघत नव्हता. वीट ठेवायचा, थापीच्या मुठीनं ठोकायचा, माल सारायचा. एकेक थर चढला तसा खांदे गेले, हनुवटी गेली. डोळे तेवढे उरले.

"दादा," वरून आवाज आला.

मच्छिंद्रनं उशीवरून मान उचलली.

"माती पडंल डोळ्यात. तोंड फिरव तिकडं."

मच्छिंद्रनं निमूटपणे कूस बदलली. पाठीमागं खडखड ऐकू येत राहिली, मग ठोकल्याचा आवाज, मग काहीच नाही. तो वळला तेव्हा भिंत आढ्याला टेकली होती. ओला माल खाली ओघळला होता.

पावसाळ्यात त्यानं पुन्हा फुंकलं. बाई हसल्या. दवाखान्यात दाखल करून त्यांनी आधी आतला पडदा तपासला. पडदा अखंड निघाला, फट नव्हती. मग व्हॉल्व्ह बसवले. काही दिवस ठेवून घेतलं आणि घरी पाठवलं.

लगेच काही चमत्कार झाला नाही. पण गणपती उठले तसं एका सकाळी गोजरबाई बघते तर नळी खाटेवर आणि नवरा दारात.

"आवं! मशीन?"

"घुरघुरू दे त्याला येकट्याला," मच्छिंद्र म्हणाला आणि उंबरा ओलांडून अंगणात उभा राहिला.

अंगणातून तो हौदापर्यंत गेला. पुढं शाळेपर्यंत. दिवाळीनंतर मारुतीपर्यंत. पारावरच्यांनी विचारलं, "आबा, फुटबॉल काय म्हनतोय?" "पानी धरून हाय," तो म्हणायचा.

घरात मात्र त्याला चैन पडत नव्हतं. पहाटे जाग आली की तो खाकरायचा आणि वाट बघायचा. उत्तर येत नसे. आवाज भिंतीला लागून त्याचा त्यालाच परत मिळायचा.

"गोरख उठला का गं?" तो बायकोला विचारायचा.

"मला काय ठावं? फट बुजवली न्हवं?" ती म्हणायची. एकदा म्हणाली, "नळावर भ्याटलं हुतं. आताशा लई खोकत्यात."

"थंडी हाय."

"जाऊन या की. आता पाय फुटल्यात तुमाला."

जायचं होतंच. पण भावाच्या दारात धापा टाकत उभं राहायचं नव्हतं. ज्यानं आपल्यासाठी बापाचा शब्द मोडला, त्याच्यापुढं ताठ जायचं, न थांबता, एका दमात बोलायचं. काय बोलायचं तेही ठरत नव्हतं. रोज मारुतीला जाताना तो शेजारच्या दारावरून जायचा. दार लोटलेलं असायचं. तो मुद्दाम खाकरायचा. आतून खोकला यायचा. खोल, ओढून काढलेला. मच्छिंद्रला तो ओळखीचा वाटायचा, पण पाय पुढं पडलेले असायचे.

पौष लागला. त्यानं संक्रांत धरली. त्या दिवशी तिळगूळ घेऊन कुणीही कुणाच्या दारात जावं, त्यात कुणी नमलं असं होत नाही.

"उंबऱ्याला उंबरा, आन् म्हूर्त बघत्यात," गोजरबाई म्हणाली. पण लाडू तिनं जास्तीचे वळले, आणि भावजींना मऊ लागतात म्हणून गूळ चिक्कीचा घेतला नाही.

संक्रांतीला मच्छिंद्रनं पहाटेच अंघोळ केली, पांढरी टोपी घातली, वाटीत लाडू घेतले. लग्नाला आलेली माणसं मांडवात बसली होती तेवढं अंगण त्यानं एका दमात ओलांडलं, आणि दारात उभा राहिला तेव्हा त्याला धाप लागलेली नव्हती.

"गोरख," त्यानं हाक मारली. आवाज चांगला खणखणीत निघाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

दार आज लोटलेलं नव्हतं. आतून कडी होती.

त्यानं पुन्हा हाक मारली. कडी वाजवली. मग वाटी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी दार थापटलं. शेजारपाजारचे आले, सणाला आलेला वैजनाथ धावला. दार मोडलं तसा आतून कोंडलेला धूर आधी बाहेर आला, मग थंड राखेचा वास.

माणसं खाटेकडं गेली. मच्छिंद्र दारातच थांबला. त्याची नजर वर गेली होती. शिडी फट बुजवली तेव्हापासून तिथंच भिंतीला टेकलेली होती. तिच्या वरच्या टोकाला, आढ्याखाली, नव्या विटा काळ्याकुट्ट झाल्या होत्या. खालची जुनी भिंत तेवढी काळी नव्हती.

पुढं दहाव्याला गुरुजींनी तिथी विचारली. रात्री गेला की पहाटे, कुणाला सांगता येईना. राख पार थंड होती, म्हणजे रात्रीच गेला, असं म्हणून मच्छिंद्रनं सांगितली.

गोरक्षनाथ भोगीच्या दिवशी वारला. रेश्माच्या लग्नानंतरची ती पहिली भोगी.